बार कुठून होतो, ते आधी ऐका

पेट्रोलवर चालणारी सीजे थ्रीबी जीप आता क्वचितच दिसते. महिंद्राच्या या उंच बॉनेटच्या जीपगाड्या एकेकाळी आपल्याकडे सगळीकडे होत्या, पण त्यांतल्या बहुतेकांची मूळची इंजिनं कधीच निघाली आणि त्या जागी डिझेल इंजिन बसलं. आमच्या घरच्या जीपला मात्र अजून तिचं मूळचं हरिकेन इंजिन आहे. चार सिलिंडर, २,१९९ सीसी. या इंजिनाची रचना आजच्या मेकॅनिकला बुचकळ्यात टाकते, कारण त्याचे इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारे) वर हेडमध्ये आहेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारे) खाली ब्लॉकमध्ये. वर रॉकर आल्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. विलीजने १९५३ मध्ये अमेरिकेत हे मॉडेल आणलं आणि तोच चेहरा पुढे महिंद्राने वर्षानुवर्षं इथे बनवला.

पावसाळ्याआधी या इंजिनाचं मोठं काम निघालं. इंजिन उतरवून रिंगा आणि बेअरिंगं बदलून घेतली. गाडी परत आली ती सेल्फ मारला की चालू व्हायची, सपाट रस्त्याला बरी वाटायची. पण कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे निघालं आणि वाघबीळचा चढ लागला की तिचं रूप बदलायचं. दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की बॉनेटखालून ‘फट्’ असा उलटा ठसका यायचा, गाडी क्षणभर पाय मागे घ्यायची, पुन्हा पकडायची, पुन्हा ठसका. उताराला अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून दाणदिशी बार व्हायचा. रस्त्यावरची माणसं दचकायची, म्हशी बिथरायच्या. पाण्याचा काटा नेहमीपेक्षा वर चढलेला असायचा. पिकअप तर नावालाच उरलं होतं.

सल्ले भरपूर मिळाले. टायमिंग गिअरचा दात उडालाय, पुढचं कव्हर उघडा. कार्बोरेटर बाद झालाय, नवीन टाका. पेट्रोलमधल्या इथेनॉलने घात केलाय. आणि शेवटचा, सगळ्यांचा आवडता सल्ला: कशाला जीव काढताय, डिझेल इंजिन टाकून मोकळे व्हा. त्या शेवटच्या सल्ल्याने मला जास्त जोर आला. हे इंजिन ज्यांनी बनवलं त्यांनी ते खेड्यातल्या लोहाराच्या हत्यारांनीही नीट करता येईल असं बनवलंय. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडलंय ते डोळ्यांना दिसेल किंवा बोटाला लागेल, एवढी माझी खात्री होती.

शिवाजी उद्यमनगरात एक जुने मिस्त्री आहेत, तिथे सगळे त्यांना मामा म्हणतात. आता ते गाड्या घेत नाहीत, पण हरिकेनचं नाव काढल्यावर घरी यायला तयार झाले. आले आणि कशालाही हात न लावता म्हणाले, “सर, चालू करा आणि रेस द्या. मला ऐकू दे.” पुतण्याने गाडी चालू केली. मामा एकदा बॉनेटजवळ उभे राहिले, एकदा मागे सायलेन्सरपाशी बसले. मग म्हणाले, “हे दोन आजार हाईत. वरचा बार येगळा, मागचा बार येगळा. दोन्ही एका औषधानं जायचे न्हाईत.”

या एका वाक्याने माझी सगळी दिशा ठरली, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

बार म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरच्या बाहेर पेटणं. ते पेटायच्या जागा दोन. कार्बोरेटरकडच्या बाजूला पेटलं, तर इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरमध्ये आग होती, असा त्याचा अर्थ. एक तर करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, चुकीच्या वेळी पडला, किंवा मिश्रण इतकं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं की ते हळूहळू जळत राहिलं आणि पुढच्या वेळी इनटेक उघडला तेव्हाही धुमसत होतं, किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सायलेन्सरमध्ये पेटलं, तर न जळलेलं पेट्रोल तिकडे जातंय आणि तिथे त्याला आग किंवा ताजी हवा मिळतेय. करंट उशिरा पडत असेल, एखादा सिलिंडर मिस मारत असेल, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असेल किंवा सायलेन्सरच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल. पहिल्या बाराला दुसऱ्याचं औषध लावलं की माणूस महिनोन् महिने गोल फिरत राहतो. आणि बहुतेक जण नेमकं हेच करतात: बार ऐकला की डिस्ट्रिब्युटरचा (चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याचा) नट सैल करायचा आणि आवाज बरा वाटेपर्यंत तो फिरवत बसायचं. डिस्ट्रिब्युटर फिरवणं हे या सगळ्या साखळीतलं शेवटचं काम आहे. त्याच्या खालचं सगळं बरोबर आहे हे सिद्ध झाल्याशिवाय त्या नटला पाना लावू नये, असं मी आता ठामपणे म्हणतो.

एक सूचना इथेच देतो. कार्बोरेटरमधून ठसके देणाऱ्या गाडीचा एअर क्लीनर काढून इंजिन चालवायचं असेल तर तोंड कधीही वरून आत घालू नका. ज्वाळा खरोखर हातभर वर येते. आम्ही ओलं पोतं आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर जवळ ठेवूनच काम केलं.

मामांनी पहिली तपासणी रात्रीची सांगितली. दिवे बंद केले, बॉनेट उघडं ठेवलं, इंजिन चालू ठेवून पुतण्याने रेस वाढवली. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर दोन टर्मिनलांच्या मधे निळसर रेघ चमकली, गेली, पुन्हा चमकली. दिवसा ती कधीच दिसली नसती. कॅप काढून बॅटरीच्या उजेडात आतून पाहिली तर तिथे केसाएवढी काळी वाट पडलेली. ओलाव्याने आणि धुळीने कोळशाची बारीक रेघ तयार होते आणि एकदा झाली की करंट त्याच वाटेने पळतो. पुसून काही होत नाही, कॅप टाकूनच द्यावी लागते.

आता ही रेघ कुठल्या दोन टर्मिनलांत होती, ते महत्त्वाचं. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. रेघ एक आणि तीनच्या मधे होती. एक नंबर सिलिंडर पेटायच्या वेळी त्याचा पिस्टन वर, दाबाच्या टोकाला असतो. त्याच क्षणी तीन नंबरचा पिस्टन अगदी खाली असतो. त्याने नुकतंच ताजं मिश्रण ओढून घेतलेलं असतं आणि त्याचा इनटेक व्हॉल्व्ह अजून पूर्ण मिटलेला नसतो. अशा वेळी शेजारच्या टर्मिनलमधून करंट तिकडे गळला तर सिलिंडरभर मिश्रण उघड्या व्हॉल्व्हसमोर पेटतं आणि सरळ कार्बोरेटरमधून बाहेर येतं. चढावर जास्त का? चढाला थ्रॉटल उघडा, सिलिंडर भरलेला, प्लगच्या टोकाशी दाब जास्त. तिथे ठिणगी उडायला व्होल्टेजही जास्त लागतं, मग करंट सोपी वाट शोधतो. सपाटीला तीच गाडी शहाण्यासारखी चालते. हे कळल्यावर मला त्या ठसक्याचं अख्खं कोडं सुटल्यासारखं वाटलं. इतका नेमका आणि सुंदर कार्यकारणभाव मोठ्या यंत्रांत सहसा उघड्यावर पाहायला मिळत नाही.

नवी कॅप, नवा रोटर आणि प्लगच्या वायरी टाकल्या. प्लगचं अंतर ३० थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावलं. वरचा ठसका जवळपास गेला. पण गाडी तशीच जड, तशीच गरम, आणि मागचे बार कायम. संध्याकाळी चढावरून आल्यावर पाहिलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा बिडाचा भाग) अंधारात लालसर दिसत होता. मामांना फोन केला. “उशिरा पेटतंय,” एवढंच म्हणाले. करंट उशिरा पडला की मिश्रणाचं जळणं पिस्टनला ढकलण्यात खर्च होत नाही, ते एक्झॉस्ट उघडेपर्यंत चालू राहतं आणि उष्णता मॅनिफोल्डला आणि पाण्याला जाते. काटा वर, पिकअप खाली, मॅनिफोल्ड लाल आणि सायलेन्सरमध्ये बार, हे चारही एकाच घरचे.

पण उशीर का? डिस्ट्रिब्युटर तर आधीच लवकरच्या बाजूला पूर्ण फिरवलेला होता. खालच्या पट्टीची खाच संपली होती, अजून फिरवायला जागाच नव्हती. जिथे साधारण मधोमध असायला हवं तिथे तो टोकाला जाऊन बसलाय आणि तरी टायमिंग उशिरा आहे, याचा अर्थ दोष डिस्ट्रिब्युटरच्या खाली कुठेतरी आहे. खाली म्हणजे तीन ठिकाणं. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचे टायमिंग गिअर, कॅमशाफ्टवरून फिरणारा ऑइल पंप, आणि पंपाच्या शाफ्टवर बसणारा डिस्ट्रिब्युटर. होय, या इंजिनात डिस्ट्रिब्युटरला स्वतःचा गिअर नसतो. ऑइल पंप ब्लॉकच्या एका बाजूला बाहेरून बसतो, त्याचा शाफ्ट कॅमशाफ्टच्या तिरप्या दातांच्या गिअरवर फिरतो, आणि पलीकडून डिस्ट्रिब्युटरची जीभ त्या शाफ्टच्या खाचेत बसते. म्हणजे पंप काढून चुकीच्या दातावर बसवला की डिस्ट्रिब्युटर आपोआप चुकतो. ज्यांनी ही रचना आधी पाहिलेली नाही त्यांच्या हे लक्षातच येत नाही, कारण तेल फेकणाऱ्या पंपाचा करंटशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येईल?

पुढचं कव्हर न उघडता टायमिंग गिअर तपासायची मामांची रीत मला फार आवडली. आधी टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची ढील नीट केली, कारण टॅपेट ढिले असतील तर ही तपासणी खोटी ठरते. इंजिन थंड असताना इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. इनटेकचे वर रॉकर कव्हर काढून, एक्झॉस्टचे मॅनिफोल्डखालचं बाजूचं कव्हर काढून. एक्झॉस्टचे टॅपेट कित्येक वर्षांत कुणी पाहत नाही, कारण तिथे हात घालायला अडचण होते. आमच्या दोन नंबरच्या एक्झॉस्टला फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा जात नव्हती. अशा व्हॉल्व्हला टेकायला वेळच मिळत नाही, तो जळतो. सुदैवाने कॉम्प्रेशनचे चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले, म्हणजे व्हॉल्व्ह अजून वाचलेला होता.

मग एक नंबरचा प्लग काढला. पुतण्या पुढून हँडल फिरवत होता. जीपचं हे हँडल अशा कामाला सोन्यासारखं आहे, इंजिन अंशाअंशाने फिरवता येतं. प्लगच्या भोकावर मी अंगठा दाबून धरला. एका फेरीत नुसता श्वास येतो. दुसऱ्या फेरीत अंगठा उचलला जाईल एवढा दाब येतो, तो कॉम्प्रेशनचा. तिथून हळू. फ्लायव्हीलच्या घराला एक छोटी खिडकी आहे, तिच्यावरचं पत्र्याचं झाकण सरकवलं की आतल्या चाकावरच्या खुणा दिसतात. त्या मातीने आणि तेलाने भरलेल्या होत्या. तारेच्या ब्रशने घासून त्यांत पांढरा रंग भरला, तेव्हा ‘टीसी’ (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) ही अक्षरं वर आली आणि तिच्या जवळची पाच अंशांची रेघही. ‘टीसी’ काट्यासमोर आली तेव्हा अंगठ्यावरचा दाबही टोकाला होता. म्हणजे खूण खरी. जुन्या गाडीत हे बघून घ्यावंच, कारण क्लचचं काम करताना कुणी दुसऱ्याच इंजिनाचं फ्लायव्हील लावलेलं असू शकतं.

आता मामा म्हणाले, “चार नंबरचा इनटेक बघा.” एक नंबर दाबाच्या टोकाला असतो तेव्हा चार नंबर एक्झॉस्ट संपवून इनटेक सुरू करत असतो. या इंजिनात इनटेक पिस्टन वर पोचायच्या जरा आधी उघडायला लागतो. म्हणून ‘टीसी’च्या जवळ इंजिन किंचित मागेपुढे केलं तर चार नंबरचा रॉकर नुकताच हलू लागलेला दिसायला हवा. टायमिंग गिअर एका दाताने जरी चुकला असता तर तो एकतर ठार बंद असता किंवा चांगलाच दबलेला असता. आम्ही रॉकरवर बोट ठेवलं. ‘टीसी’ येण्याआधी तो ढिला होता, खूण जवळ येताना त्याने ढील घेतली आणि अगदी थोडा दबला. टायमिंग गिअर निर्दोष सुटला. पुढचं कव्हर, रेडिएटर, पुली, सगळं जिथल्या तिथे राहिलं. अनेकांनी मला जे उघडायला सांगितलं होतं त्यात काहीच नव्हतं.

मग बल्ब लावला. बारा व्होल्टचा साधा बल्ब, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटच्या (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू ठेवून इंजिन हँडलने फिरवायचं. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो, आणि नेमका तोच क्षण करंटचा. बल्ब मिळाला नाही तर विडीचा पातळ कागद पॉइंटमधे धरावा, पॉइंट उघडताक्षणी तो सुटतो. इंजिन नेहमी पुढच्याच दिशेने फिरवायचं. खूण निसटली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं, नाहीतर गिअरमधली ढील फसवते. पाच अंश आधी पेटायला हवा तो आमचा बल्ब ‘टीसी’ उलटून गेल्यावर पेटला. पिस्टन खाली निघाल्यावर आग लागत होती.

त्यानंतर इंजिन चालू करून टायमिंग लाइट टाकला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पांढरी खूण उशिरा तर होतीच, पण ती एका जागी थांबत नव्हती, थरथरत होती. उशीर ही एक तक्रार, थरथर ही दुसरी. मामांनी इंजिन बंद करायला लावलं, कॅप काढली आणि रोटरचा शाफ्ट दोन बोटांनी आडवा हलवला. टकटक. चारही कॅमवर पॉइंटचं अंतर मोजलं. एका कॅमला २० थाऊ, जसं हवं तसं, आणि समोरच्या कॅमला १४. बुश झिजून शाफ्ट डुलत होता, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळत होतं. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग लावणं म्हणजे डगमगत्या खुर्चीवर उभं राहून भिंतीला समपातळी लावणं. रोटर हाताने पिळून सोडला तर तो स्प्रिंगने झटकन परत आला, म्हणजे आतली गव्हर्नरची (वेग वाढला की टायमिंग लवकर करणारी) वजनं मोकळी होती, तेवढं बरं होतं.

डिस्ट्रिब्युटर वर ओढून काढला. उद्यमनगरात लेथवर गनमेटलचं बुश करून घेतलं, शाफ्टही किंचित घासून गोल केला. ते काम होईपर्यंत मी भोकातून बॅटरी मारून आत पाहिलं. खोल, तेलाने काळसर चमकणारा पंपाचा शाफ्ट आणि त्याच्या टोकाला ती खाच. खाच बरोबर मधोमध नसते. तिने शाफ्टचे दोन अर्धचंद्र केलेले असतात, एक जाड आणि एक बारीक, म्हणून डिस्ट्रिब्युटरची जीभ एकाच दिशेने बसते, उलटी बसूच शकत नाही. एक नंबर दाबाच्या टोकाला असताना ती खाच कुठल्या कोनात हवी, हे मामांना पाठ होतं. आमची खाच त्या जागेपासून घसरलेली होती. “एक दात,” ते म्हणाले. “पंप आत घालताना फिरला, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.”

पंप फिरतो म्हणजे काय, ते पंप हातात घेतल्यावरच कळलं. दात तिरपे असल्यामुळे पंप सरळ आत जात नाही. गिअर लागायला लागला की आत जाता जाता शाफ्ट थोडा वळतो. त्यामुळे खाच जिथे हवी तिथे धरून पंप ढकलला, तर शेवटी ती तिथे राहत नाही. आधीच थोडी उलट दिशेला धरून आत घालावी लागते, म्हणजे वळत वळत ती बरोबर जागेवर येते. आणि एका दाताची किंमत मोठी आहे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटरवर जेवढे अंश चुकले त्याच्या दुप्पट अंश क्रँकवर चुकतात. खालच्या पट्टीच्या खाचेत तेवढी जागाच नसते, मग पट्टी टोकाला जाऊन थांबते आणि तरी उशीर उरतो. आमच्याकडे अगदी तेच झालं होतं.

इंजिन पाच अंशांच्या खुणेवर ठेवलं, एक नंबर कॉम्प्रेशनवर. पंपाचे बोल्ट काढले, खाली ट्रे ठेवला. मामांनी पंप बाहेर ओढला, नवीन गॅस्केट लावलं, पंपात तेल भरलं. हे तेल भरणं फार महत्त्वाचं, कोरडा पंप पहिल्या मिनिटात तेल उचलत नाही आणि नवीन बेअरिंगं त्या मिनिटातच जातात. मी पलीकडून भोकात बॅटरी धरून खाचेकडे डोळा लावून बसलो. पंप आत सरकला, खाच वळली, थांबली. “बघा की, कुठं हाय?” मी म्हटलं, “मामा, अजून थोडी अलीकडे.” पंप बाहेर, एक दात फिरवून पुन्हा आत. या वेळी जाड अर्धचंद्र जिथे हवा तिथे येऊन थांबला. बोल्ट आवळले. डिस्ट्रिब्युटर टाकला तर जीभ आपोआप खाली बसली आणि रोटरचं तोंड बरोबर एक नंबरच्या टर्मिनलकडे. पट्टीच्या खाचेत बोल्ट साधारण मधोमध.

एवढं झाल्यावर मात्र डिस्ट्रिब्युटर फिरवायचा हक्क मिळाला. हा शाफ्ट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने वळवली की टायमिंग लवकर होतं. पॉइंट नवीन, अंतर चारही कॅमवर २० थाऊ. बल्ब लावून, बॉडी हळूहळू फिरवत तो पेटतो तिथे नट आवळला. प्लगच्या वायरी कॅपवर घड्याळाच्या उलट १-३-४-२ अशा लावल्या. 

कॉइलची वायर काढून आधी नुसता सेल्फ मारला, ऑइल प्रेशरचा काटा वर आलेला पाहिला. मग वायर जोडून चालू केली. आवाजच वेगळा. घुमणारा, खालच्या सुरातला, हरिकेनचा खरा आवाज. टायमिंग लाइटमध्ये पांढरी रेघ काट्यासमोर निश्चल. रेस वाढवली की ती सरकत लवकरच्या बाजूला जायची आणि सोडली की परत जागेवर, म्हणजे गव्हर्नरही आपलं काम करत होता.

इथेनॉलबद्दल दोन शब्द, कारण तो सल्ला पूर्ण खोटा नव्हता. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. मला त्याचं वावडं नाही. पण इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन असतो. तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा इथेनॉल जास्त लागतं, आणि कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जेटच्या भोकातून जाईल तेवढंच देतो. म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण हळू जळतं, वर सांगितलं तसं ठसके देतं. कॅप बदलल्यावरही थंड इंजिनावर एकदम रेस दिली की जो बारीकसा ठसका उरला होता, तो याचा. प्लगचं टोक पांढरट येत होतं, तो पुरावा. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, पुढच्या वेळी प्लग काढले तर टोक फिकट बदामी. ठसका गेला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण इथेनॉल जुनं रबर मऊ करून फोडतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा साधा विषय नाही. पण हा जेट मी सगळ्यात आधी मोठा केला असता तर? मिश्रण जाड होऊन ठसका थोडा दबला असता, रेघ पडलेली कॅप तशीच राहिली असती, उशिरा पडणाऱ्या करंटमुळे आणखी पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन बार वाढले असते, आणि नेमकं काय बदललं ते कळलंच नसतं. म्हणूनच कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावायचा, ही मामांची शिस्त मला पटली. करंटचं काम संपून खूण स्थिर झाल्याशिवाय एकही स्क्रू नाही.

वाघबीळचा चढ आता जीप दुसऱ्यात सरळ ओढते, बऱ्याच ठिकाणी तिसऱ्यातही. मसाई पठारावर चिखलात लो रेंजमध्ये अगदी कमी रेसवर चालवली, तिथे एकही ठसका नाही. काटा मधे. मॅनिफोल्ड काळाच.

फक्त एक गोष्ट उरली होती. पन्हाळ्याहून उतरताना, पाय काढल्यावर मागून बारीक बारीक फुटाणे, पूर्वीसारखा बार नव्हे. टायमिंग बरोबर, टॅपेट बरोबर, मिश्रण बरोबर, मग हवा कुठूनतरी आत येत असणार. इंजिन थंड असताना चालू करून मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडापाशी हात नेला तर बोटांना गरम फुंकर लागली. तिथलं गॅस्केट एका बाजूने जळून गेलं होतं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल मागे जातं, आणि या फटीतून ओढलेली ताजी हवा त्याला मिळाली की ते पाइपमध्ये फुटतं. नवीन गॅस्केट टाकलं, जोडाचे तोंड कानसने सपाट केले, नट गरम झाल्यावर पुन्हा एकदा आवळले. फुटाणे थांबले.

आता गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलायच्या आहेत. जुन्या जरा सैल पडल्यात, मधल्या रेसला खूण हवी त्याहून थोडी आधी पुढे जाते. त्या दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवल्यात, आल्या की मामांना बोलावतो.